निधीसाठी मैफल कशाला, पहारा लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्या पानांवर ‘मदतनिधीसाठी मैफल’ अशी निवेदने यायला लागतात, ती थेट होळीपर्यंत. कुणाला आजारी तबलावादकाच्या औषधपाण्यासाठी पैसे हवे असतात, कुणाला शाळेला पेटी-तबला घेऊन द्यायचा असतो, कुणाला थकलेल्या वाद्यकारागिराला हातभार लावायचा असतो. हेतू सगळेच चांगले. पण कार्यक्रम पार पडल्यावर हाती काय उरले ते पुन्हा कुठे छापून येत नाही. यात लबाडी क्वचितच असते. बहुतेक वेळा उरलेलेच काही नसते.

तीनशे खुर्च्यांचे सभागृह घ्या. साठ प्रवेशिका मानाच्या आणि ओळखीच्यांच्या म्हणून जातात. उरलेली दोनशे चाळीस तिकिटे तीनशे रुपयांनी सगळीच्या सगळी खपली असे धरले, तरी जमा होतात ७२,००० रुपये. आता खर्च. सभागृहाचे भाडे १८,०००, ध्वनी आणि प्रकाश १५,०००, मुख्य कलाकाराने मानधन सोडले तरी प्रवास, मुक्काम आणि साथीदार मिळून २०,०००, परवाने, छपाई आणि फलक ७,०००, चहा-जेवण ५,०००, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्हे ४,०००. बेरीज ६९,०००. तीन महिने राबून निधीत तीन हजार. हे आकडे नमुन्याचे आहेत, गावागावाप्रमाणे बदलतील, पण खर्चाची रचना सगळीकडे हीच राहते. तिकिटे विकली जावोत न जावोत, भाडे आणि ध्वनियंत्रणा ठरल्या पैशाला पडतेच.

हा तोटा भरून काढायला आयोजक सर्वांत आधी हात घालतात तो साथीदारांच्या मानधनाला. “चांगल्या कामासाठी आहे, जरा समजून घ्या.” ज्याच्यासारख्यांच्या म्हातारपणाची सोय व्हावी म्हणून निधी उभा करायचा, त्यालाच त्या संध्याकाळी फुकट वाजवायला बसवायचे. हे आम्हाला मुळीच पटत नाही. मुख्य गायकाला पुढची चार आमंत्रणे मिळतात. पेटीवाल्याचा तेवढ्या दिवसाचा रोजगार बुडतो, आणि नाही म्हणावे तर पुढचे बोलावणे जाते. साथीदाराचे मानधन पहिल्या ओळीत लिहावे आणि त्याला हात लावू नये. एखाद्याने घेतलेले पैसे आपणहून निधीला परत दिले तर त्याची पावती फाडावी, म्हणजे दिले कुणी तेही कळते.

मैफलीने पैसा उभा राहतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे दोन गायक नट एका रंगमंचावर, ही गोष्ट रोज घडणारी नव्हती, म्हणून लोकांनी थैल्या मोकळ्या केल्या. असा योग तुमच्याकडे असेल तर मैफल जरूर करा. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईला आणले, विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचा भार उचलला आणि इमारतीचे कर्ज फेडायला गावोगाव जलसे केले. एवढ्या मोठ्या गवयाच्या जलशांनीही ते कर्ज फिटले नाही, इमारत लिलावात गेली. जलशाचे पैसे एकदाच येतात आणि खानावळीचा खर्च दर महिन्याला असतो. निधीला हवे असतात ते पुष्कळ लोकांचे थोडे थोडे, पुन्हा पुन्हा येणारे पैसे.

त्यासाठी आपल्याकडे एक पद्धत घरचीच आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहाऱ्यामागून पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बाहेरच्या देशांत धावून, सायकल चालवून, पोहून ‘आव्हान’ पुरे करतात आणि त्यावर ओळखीच्यांकडून देणगी घेतात. त्याच धर्तीवर बारा तासांचा अखंड स्वर-पहारा लावता येतो. माणसे पंचेचाळीस मिनिटांची एक अशा सोळा पाळ्या गातात-वाजवतात आणि प्रत्येक जण आपल्या पाळीसाठी पंचवीस जणांकडून पैसे आणतो. सरासरी दोनशे धरले तर माणशी पाच हजार, सोळा जणांचे ८०,०००. शाळेचा वर्ग किंवा देवळाचा सभामंडप नाममात्र २,०००, चार तबलजी आणि तीन पेटीवाले यांना प्रत्येकी दोन हजारप्रमाणे १४,०००, चहा-नाश्ता ४,०००, छपाई १,५००, तारा, पुड्या (तबल्याची चामडी तोंडे) वगैरे १,५००. खर्च २३,०००, शिल्लक ५७,०००. शिवाय चारशे दात्यांची यादी हाती राहते आणि पुढच्या वर्षी तीच कामाला येते.

पाळ्या लावताना बहुतेकांची चूक एकच होते. नावे वयाप्रमाणे किंवा मानाप्रमाणे लावतात. त्या स्वराप्रमाणे लावाव्यात. पांढरी एक, काळी एक, काळी दोन (पेटीची ज्या त्या गायकाचा ‘सा’ असलेली पट्टी) असे गाणारे पुरुष सकाळी एका ओळीने, मग काळी चार, काळी पाचच्या बायका. असे केले की तबला आणि तानपुरे दिवसातून मोजक्याच वेळा उतरवावे-चढवावे लागतात. पुरुषाच्या काळी एकनंतर लगेच काळी चार आणि पुन्हा काळी एक असे ठेवले, तर निम्मा दिवस हातोडीच्या ठोक्यांत जातो, वाद्यांवर ताण येतो आणि दुपारपर्यंत एक तरी पुडी फाटते. काळी चारसाठी तबला वेगळाच, लहान तोंडाचा ठेवावा. मोठ्या तोंडाचा चढवत नेऊ नये.

तानपुरे दोन लागतात. एक वाजत असताना दुसरा मागे बसून लावायचा. पुढच्या पाळीच्या गायकाने पाच मिनिटे आधी येऊन बसावे आणि तानपुरा वाजता असतानाच हातात घ्यावा, म्हणजे सूर तुटत नाही. खोली वातानुकूलित असेल तर वाद्ये तासभर आधी आत आणून ठेवावीत. दमट हवेतून कोरड्या थंड हवेत आले की तबल्याचे चामडे आवळते आणि सूर चढतो, तारा गारठून चढतात, आणि लाकूड आकसले की खुंट्या सैल होऊन घसरतात. खुंटीला खडू घासला की धरते. खोक्यात जोडीच्या चार, पंचमाच्या दोन, खरजाची एक अशा जादा तारा, जवारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवतात तो), तबल्याची हातोडी आणि पावडर असावी. तार तुटते ती नेमकी रविवारी, आणि वाद्यांची दुकाने तेव्हा बंद असतात.

चोवीस तासांचा हट्ट धरू नका. रात्री दोनच्या पाळीला ना गाणारा मिळत ना देणारा, आणि गळे बसतात. एका माणसाने दिवसात एकच पाळी घ्यावी. मुलांच्या पाळ्या पंधरा मिनिटांच्या, संध्याकाळी सातच्या आत, पालकांच्या लेखी संमतीने, आणि त्यांची छायाचित्रे नावानिशी कुठे टाकू नयेत. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा चालत नाही. बंद सभागृहात आतल्या आत चालतो. शंभर माणसांच्या खोलीत खरे तर तो लागतच नाही.

पैसे गोळा करण्याची बाजू सांभाळायला स्वतंत्र माणूस हवा आणि त्याने त्या दिवशी गाऊ नये. ‘तासाला पन्नास’ अशी बोली घेण्याचा मोह होतो, पण ती घेऊ नये. कार्यक्रम संपला की माणसे विसरतात, आणि सोळा जणांना महिनाभर उधारी वसूल करत फिरावे लागते. ठरावीक रक्कम आधी घ्यावी. पाळी अर्धवट राहिली तरी पैसे परत जाणार नाहीत, हे कागदावर छापावे. प्रत्येकाला एक ते सोळा क्रमांक द्यावा आणि दात्याने यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्यात तो लिहावा. क्रमांक नसला तर बँकेच्या उताऱ्यात ‘२००’ अशा चारशे ओळी दिसतात आणि कुणाचे कुणी दिले ते लागत नाही. क्यूआर संस्थेच्याच खात्याचा हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीही नको, मग तो कितीही सज्जन असो. तीन वेगवेगळ्या अॅपवरून एकेक रुपया टाकून पाहावा, नाव संस्थेचे दिसते का ते बघावे. लावलेल्या क्यूआरवर दुसराच कागद चिकटवून जाणारे लोक आहेत, म्हणून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तो पुन्हा तपासावा.

रोखीसाठी क्रमांक घातलेली पावतीपुस्तके. कुठल्या क्रमांकापासून कुठवरचे पुस्तक कुणाला दिले याची वही, परत आल्यावर सही. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, तिरकी रेघ मारून स्थळप्रतीसह ठेवायची. दानपेटीला दोन कुलपे, दोन किल्ल्या दोघांकडे, आणि मोजणी जागच्या जागी तिसऱ्याच्या समोर. पेटी घरी नेऊन ‘उद्या मोजू’ म्हटले की तिथून कुरबुर सुरू होते, पैसे जागेवर असले तरी.

कायद्याची बाजू लोक शेवटी बघतात. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाने वर्गणी जमवायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या ‘कलम ४१ क’खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच. ‘८० जी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, देणगीवरच्या आयकर सवलतीचे आश्वासन देण्याआधी संस्थेला ती मान्यता चालू आहे का ते पाहावे. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, वस्तुरूप देणगीला नाही, आणि तिकिटालाही नाही, कारण तिकिटाच्या बदल्यात खुर्ची मिळालेली असते. नवी करप्रणाली निवडलेल्या दात्याला या वजावटीचा उपयोगच नाही, तेव्हा ‘कर वाचवा’ ही ओळ पत्रकावर ठळक छापू नये. दाता सवलत मागत असेल तर त्याचा पॅन आणि पत्ता तिथल्या तिथे घ्यावा. वर्ष संपल्यावर संस्थेला दात्यांचे विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि प्रमाणपत्र त्यातूनच निघते. मे महिन्यात दोनशे जणांना फोन करून पॅन मागायला बसलात तर निम्मे उचलत नाहीत. तिकीट लावलेच तर पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर लागू शकतो.

परदेशातल्या नातलगांबद्दल फार गैरसमज आहे. भारतीय पारपत्रावर दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्याने बँकेतून पाठवलेले पैसे चालतात. पण अमेरिकन नागरिक झालेला भाचा हा कायद्याने विदेशी स्रोत आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते) असले तरी, आणि त्याने रुपयांत दिले तरी. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेने त्याचे शंभर रुपयेही घेऊ नयेत. प्रेमाने पाठवलेल्या रकमेपायी संस्था अडचणीत येते.

गाण्यांच्या हक्कांचेही पाहावे लागते. तिकीट लावून चित्रपटगीते किंवा भावगीते मंचावर गायची तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने हक्काचे पैसे घेणाऱ्या संस्थेचा, परवाना हवा. धर्मादाय कार्यक्रम आहे म्हणून तो आपोआप माफ होत नाही. ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्याची परवानगी वेगळी. आपल्याकडे स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे पारंपरिक बंदिशी, नाटककार गो. ब. देवलांची पदे, भास्करबुवा बखले (मृत्यू १९२२) किंवा गोविंदराव टेंबे (मृत्यू १९५५) यांच्या चाली मोकळ्या आहेत. मास्तर कृष्णराव १९७४ साली गेले, त्यांच्या चाली अजून नाहीत. अभंगांत हमखास गफलत होते. शब्द तुकोबांचे असले तरी चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर ती हक्कातच येते, खळे २०११ साली गेले. पहाऱ्यासाठी राग आणि पारंपरिक बंदिशी घेतल्या तर हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ऐकणाऱ्यांनाही सकाळ ते संध्याकाळ रागांचे प्रहर सलग ऐकायला मिळतात, जे एरवी कुठे मिळत नाही.

धावण्याच्या शर्यतींविषयी थोडक्यात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थेसाठी धावायचे तर संस्थेची नोंद युनायटेड वे मुंबईकडे, म्हणजे तिथल्या देणगी-भागीदाराकडे, आधी व्हावी लागते. सदऱ्यावर नाव छापून धावल्याने निधी जमत नाही. संगीताच्या लहान संस्थेला हा रस्ता पहिल्या वर्षी झेपत नाही, असे आमचे मत आहे.

‘जुनी वाद्ये द्या’ ही मोहीम मात्र सगळीकडे होते आणि सगळीकडे एकाच तऱ्हेने फसते. लोक माळ्यावरचे काढून देतात. उंदराने कुरतडलेल्या भात्याच्या पेट्या, भुंगा लागलेल्या खोडाचे तबले, दांडी वाकलेल्या सतारी. नाही म्हणायला संकोच वाटतो आणि वर्षभर खोली अडते. म्हणून घेण्याआधी, शक्यतो देणाऱ्याच्या घरीच, पाहून घ्यावे. पेटीचा भाता पूर्ण भरून सगळे खटके बंद ठेवावेत आणि हात सोडावा. भाता बराच वेळ फुगलेला राहिला तर ठीक, भसकन बसला तर चामडे गेले. मग एकेक पट्टी दाबून मुका किंवा चिरका सूर शोधावा. मुका सूर बहुधा धुळीने तुंबलेला असतो, साफ केला की बोलतो. चिरका मात्र बदलावा लागतो. तबल्याचे खोड उलटे करून पाहावे. बारीक भोके आणि त्यातून पिवळा भुगा पडत असेल तर घेऊ नये, बाकीच्या वाद्यांनाही भुंगा लागतो. फाटलेली पुडी ही अडचण नव्हे, ती बदलता येते. सतार-तानपुऱ्याची दांडी बंदूक रोखावी तशी डोळ्यासमोर धरून वाक बघावा आणि भोपळ्यावर बोटाने टिचकी मारावी. नाद भरीव आला तर चांगले, फुटक्या मडक्यासारखा आला तर तडा आहे. भोपळ्याची तड मिरजेत जोडून मिळते, पण शाळेला द्यायचा तानपुरा त्या खर्चात बसत नाही. घेतलेल्या प्रत्येक वाद्यामागे दुरुस्तीचे पैसे बाजूला काढलेले असले तरच मोहीम जाहीर करावी. शाळेला दिलेल्या वाद्याला दर वर्षी दुरुस्ती लागते. मुले पुडीवर नखे आपटतात, पेटीवर पाणी सांडते. तीस हजारांची वाद्ये देऊन दुरुस्तीला शून्य ठेवले तर तिसऱ्या वर्षी ती कपाटात जातात.

सतार आणि तानपुऱ्यासाठी मिरजेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, पण जवारी काढायला (घोडी घासून तारेचा नाद जमवायला) बसणारे हात कमी होत चालले आहेत. निधीतून नवीन वाद्ये घ्यायची तर कारागिराला अर्धे पैसे आगाऊ द्यावेत. तयार भोपळा वाळवून ठेवायला, लाकूड मुरवायला त्याचे पैसे आधी अडकतात. ‘कार्यक्रमानंतर देऊ’ म्हणणे म्हणजे त्याच्याकडूनच उसने घेणे आहे.

थकलेल्या कलावंताला रोख मदत करण्याआधी एक बिनखर्चाचे काम करता येते. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिचा अर्ज अडतो तो पुराव्यांपाशी. जुन्या कार्यक्रमपत्रिका, आकाशवाणीची पत्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे. साथीदाराचे नाव पत्रिकेवर छापलेलेच नसते, म्हणून चाळीस वर्षे वाजवूनही त्याच्याकडे कागद नसतो. यापुढे आपल्या प्रत्येक पत्रिकेवर तबला, पेटी आणि तानपुऱ्यावर कोण होते त्यांची पूर्ण नावे छापा, आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. निधीसाठीचे निवेदन छापताना आयोजकांकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात. संस्थेचा नोंदणी क्रमांक किंवा परवानगीचा क्रमांक, पैसे नेमके कशासाठी आणि किती हवेत, अंदाजे खर्च किती, आणि साथीदारांना मानधन आहे की नाही. या चार ओळींविना निवेदन घेऊ नये. मग कार्यक्रमानंतर तीस दिवसांनी त्याच पानावर तेवढ्याच टायपात जमा, खर्च, शिल्लक आणि शिल्लक कुणाला कोणत्या तारखेला दिली, हे छापावे. मदत घेणाऱ्याचे नाव तिथे नको, ‘एक पखवाजवादक, वय ७४, शस्त्रक्रियेसाठी’ एवढे पुरे. हिशोब आला नाही तर त्या आयोजकांचे पुढच्या वर्षीचे निवेदन हिशोब येईपर्यंत बाजूला ठेवावे.

आपले,
संगीत साहाय्यासाठी निधी उभारणीचे काम पाहणारे कार्यकर्ते,
मिरज